सोयऱ्याने लावलेले केस

माझ्या बहिणीचा धाकटा दीर डॉक्टर आहे आणि माझ्या डोक्यावरचे केस त्याने लावलेले आहेत. एवढं सांगितलं की आमच्या भागातल्या माणसाला पुढची अडचण आपोआप कळते. ज्या घरात बहीण दिली, त्या घरच्या भाजीत मीठ जास्त पडलं तरी आपण दुसऱ्यांदा मागून घेतो. इथे तर मामला माझ्या कपाळाचा होता.

मी वाशीमला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. घरची भाजीची वाडी शहराला लागूनच आहे. वडील आणि भाऊ तिथे वांगी, मिरची, पालक करतात आणि पहाटे सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बाजारात नेतात. टक्कल आमच्या घराण्यात वाटणीच्या आधीच प्रत्येकाला मिळतं. चाळिशी यायच्या आत माझं कपाळ टाळूपर्यंत सरकलं होतं. मला त्याचं वाईट वाटे आणि वर्गात त्यावर मीच आधी विनोद करून टाकत असे.

त्याच सुमारास बहिणीचे दीर केस लावण्याचं शिक्षण घेऊन आले आणि अकोल्याला दवाखाना टाकून बसले. वयाने ते माझ्याहून बरेच लहान. पण सोयरे, म्हणून मी त्यांना अहो-जाहोच करतो. त्यांना आपण ‘आमचे डॉक्टर’ म्हणू, कारण पुढे आणखी डॉक्टर येणार आहेत. दवाखाना सुरू होऊन महिना झाला नसेल, तोच बहिणीच्या सासूबाईंचा फोन आला. “दादा, घरचा डॉक्टर असून बाहेर कायले जाता? पयलं डोस्कं तुमचंच.” मी खरं तर कुठेच जात नव्हतो. पण नाही म्हणणं म्हणजे त्यांच्या मुलाच्या हातावर शंका घेणं, आणि मनातून मलाही केस हवेच होते. बायको तेवढी म्हणाली, “पयलं कायले? दाहावं होऊ द्या.” तिच्या बोलण्याकडे मी नेहमीप्रमाणे दुर्लक्ष केलं.

वर्षभरात जे उगवलं ते असं. कपाळावर, भुवयांच्या फार वर नाही, पट्टी लावून आखल्यासारखी सरळ रेघ. त्या रेघेत एकेका भोकातून तीन-तीन, चार-चार जाड केस बाहेर आलेले. रेघेच्या मागे मात्र जागोजाग रिकामं, पेरताना तिफणीचं एखादं नळकं तुंबल्यावर शेतात दिसतं तसं. डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथून केस काढले होते, तिथे बारीक पांढरे ठिपके. वर्गात आता मला विनोद करावा लागत नव्हता. मुलं स्वतःच फळ्याकडे न बघता माझ्या कपाळाकडे बघत बसायची. मी टोपी घालू लागलो. भूगोलाच्या मास्तराला उन्हाचं कारण शोभून दिसतं.

सोयऱ्यांकडे मात्र टोपी घालून जायची सोय नव्हती. भाच्याचं जावळ काढायचं ठरलं आणि रिवाजाप्रमाणे मामाच्या मांडीवर बसवून काढायचं होतं. अंगणात पाटावर मी, मांडीवर भाचा, समोर न्हावी आणि भोवती सगळं गणगोत. पोराच्या डोक्यावर वस्तरा फिरत होता आणि बघणाऱ्यांची नजर वरच्या डोक्यावर होती. सासूबाईंनी येणाऱ्या प्रत्येक बाईला माझ्यासमोर आणलं. “हे पाहा. हे सारं रान रिकामं होतं. आमच्या पोरानं लावलं. दादा, जराशी मान खाली करा बरं.” मी मान खाली केली. प्रदर्शनात ठेवलेल्या भोपळ्याला काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं. “बाप्पा, लयच भरले,” असं बायका म्हणत होत्या आणि आमचे डॉक्टर पाणी तापलं का ते पाहायला आत गेले ते जेवणाची पंगत बसेपर्यंत बाहेर आलेच नाहीत. मला त्यांचा राग आला. आपला माल दुसऱ्याच्या तोंडून विकला जात असताना हा माणूस मजेत आत बसून आहे, असं मला वाटलं.

निघताना बहिणीने मला विहिरीकडे नेलं. “दादा, चांगलं नाई दिसत, मले दिसते ते,” ती म्हणाली. “पण तू काई बोलू नको. मले इथं राहाचं आहे.”

म्हणून मी काही बोललो नाही आणि गुपचूप दुसरा डॉक्टर शोधायला लागलो.

आधी नागपूर गाठलं. तिथे काचेच्या दारामागे एक चटपटीत मुलगी होती. तिने माझ्या डोक्याचे फोटो काढले, पडद्यावर त्यांत काळा रंग भरला आणि मला माझाच पंचवीस वर्षांचा चेहरा दाखवला. डॉक्टर आले, त्यांनी बोटांनी केस मागे-पुढे केले, “होऊन जाईल सर,” म्हणाले आणि गेले. मागून किती केस काढता येतील, असं विचारलं तर मुलगी म्हणाली, “जेवढे लागतील तेवढे.” आज नाव नोंदवलं तर सवलत होती. मला ते सगळं आवडलं, हे खरं आहे. यायच्या बसमध्ये मी खिडकीच्या काचेत तो पंचवीस वर्षांचा चेहरा शोधत होतो.

घरी आल्यावर बायकोने एकच विचारलं, “केस लावन कोण? तो डॉक्टर का ती पोट्टी?” हे मी विचारलंच नव्हतं. ती शिकवते त्या शाळेतली एक बाई त्वचेच्या आजारासाठी अमरावतीला एका डॉक्टरांकडे जात असे. ते डॉक्टर बिघडलेले केसही दुरुस्त करतात, असं तिने ऐकलं होतं. मी एका रविवारी अमरावतीला गेलो.

तिथे काचेचं दार नव्हतं. डॉक्टर मध्यमवयीन, स्वतः पूर्ण टकले. मला ते जरा खटकलं, पण बोलण्यासारखं नव्हतं. त्यांनी मला खुर्चीत बसवून डोक्याच्या मागच्या बाजूला छोटा कॅमेरा लावला आणि समोरच्या पडद्यावर दाखवलं. “इथून फार काढलंय. आता जे उरलंय ते एकदाच वापरता येईल. नीट वापरलं तर ही रेघ मोडता येईल. जाड केस उपटून मागे लावायचे, पुढे एकेक बारीक केस वेडेवाकडे लावायचे. दाट केस तुम्हाला कोणीही देऊ शकत नाही. देतो म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका.”

मी म्हटलं, मग तुम्हीच करा.

“मी अजून हो म्हटलं नाही,” ते म्हणाले. “लावलेल्यातले निम्मे उगवलेच नाहीत. त्याची मला दोन कारणं दिसतात. एक तर काढलेले केस बाहेर राहून वाळले असतील. नाहीतर तुमच्या कातडीने ते धरले नसतील. वाळले असतील तर जमीन चांगली आहे, मी हात लावतो. कातडीने धरले नसतील तर उरलेलेही वाया जातील आणि मग तुमच्याकडे काहीच राहणार नाही. कातडीची तपासणी करू, पण तिच्यावरून पक्कं सांगता येईलच असं नाही. त्या दिवशी टेबलावर काय झालं, ते ज्याने केलं त्यालाच माहीत. त्यांना विचारून या.”

मी भाजीवाल्याच्या घरात वाढलो, मला हे दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागलं नाही. वांग्याची रोपं उपटून बांधावर ठेवली आणि लावणारे गप्पा मारत बसले, तर नंतर माती कितीही चांगली असो, ती जगत नाहीत. पण रोप वाळलं की माती खराब होती, हे मी कोणाला विचारणार होतो? ज्यांना बहिणीसाठी एक शब्द बोललो नव्हतो, त्यांनाच जाऊन म्हणायचं होतं की तुमची चूक झाली हे कबूल करा, म्हणजे माझं काम होईल. ते कबूल करतील कशाला? आणि खोटं सांगितलं, तुमच्याच कातडीत दोष आहे म्हणाले, तर माझा रस्ता कायमचा बंद. नागपूरला हा प्रश्न कोणी विचारणार नव्हतं. काही दिवस मला नागपूर फार जवळचं वाटू लागलं.

शेवटी बहिणीला फोन केला आणि सगळं सांगितलं. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

“जा,” ती म्हणाली. “पण भाऊजींले एकट्यात विचार. आत्याबाईसमोर नको.” सासूबाईंना ती आत्याबाई म्हणते.

“अन्‌ काही झालं तर?”

“झालं तर पाहू. तुले एकच डोस्कं हाये, दादा.”

अकोल्याच्या दवाखान्यात आमचे डॉक्टर एकटेच होते. बाहेरच्या पाटीवर केसांचा उल्लेख आता नव्हता. फक्त त्वचारोग लिहिलं होतं. मला पाहून ते उभे राहिले, चहा सांगायला निघाले, मी थांबवलं. वाटेत मी चार-पाच वळणांची प्रस्तावना तयार केली होती. ती राहिली आणि मी सरळ विचारलं, “डॉक्टर, माह्या कातडीनं केस धरले नाईत, का ते बाहेरच वाळले?”

ते परत खुर्चीत बसले. “तुमाले कोणं सांगितलं असं विचाराले?”

मी अमरावतीचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “त्या दिवशीचं जेवण आठोते काय तुमाले?”

आठवत होतं. ते न आठवून कसं चालेल? माझ्या डोक्यामागून केस काढून झाले होते आणि लावायला सुरुवात व्हायची होती, तेवढ्यात सासूबाई डबे घेऊन दवाखान्यात आल्या. सोयरा पहिल्यांदा मुलाच्या दवाखान्यात आलेला, तो उपाशी कसा राहील! पुरणाच्या पोळ्या होत्या, वर तुपाची धार होती, वांग्याची भाजी होती. डोक्याला पट्टी बांधून मी आतल्या खोलीत मांडी घालून जेवलो. सासूबाईंनी मला आग्रह केला, डॉक्टरांना केला, केस मोजणाऱ्या दोन सहायक मुलींनाही जबरदस्तीने बसवलं. मी नको नको म्हणत आणखी एक पोळी घेतली. अशी खातिरदारी कुठल्या दवाखान्यात होत नाही, असंही मी त्या दिवशी म्हणालो होतो.

“केस कापडावर उघडे होते,” आमचे डॉक्टर म्हणाले. “मले माहीत होतं. दोनदा उठाले झालो मी, आईनं हात धरून बसवलं. तुमी पाहुणे, तुमच्यासमोर तिले कसं झिडकारू? येऊन पाह्यलं तवाच समजलं का निम्मे गेले. तरी लावले. नाई लावले असते तर सांगा लागलं असतं.” त्यांनी टेबलावरचं पेन उचलून पुन्हा ठेवलं. “तुमची कातडी चांगली हाये, दादा. जे ओले राह्यले ते सारे उगोले. रेघ सरळ आली तेही माह्यंच चुकलं, हात नवा होता. आता करत नाई मी ते काम.”

“जावळाच्या दिवशी तुमी आत जाऊन बसले.”

“मंग काय करू? आई तुमची मान खाली करून राह्यली होती.”

दोन वर्षं मी ह्या माणसावर मनातल्या मनात इतका चिडलो होतो की त्याचा चेहरा नीट पाहायचंच राहून गेलं होतं. माझ्याच वर्गातल्या एखाद्या नापास मुलासारखा तो चेहरा होता. मला राग शोधूनही सापडेना, आणि त्याचाही थोडा राग आला. मी म्हटलं, हे अमरावतीच्या डॉक्टरांना सांगावं लागेल. मी आपल्या शब्दांत सांगतो, तुमचं नाव घेत नाही.

त्यांनी माझ्याकडून नंबर मागून घेतला आणि माझ्यासमोरच फोन लावला. स्वतःचं नाव सांगितलं, दवाखाना सांगितला. “ते माझ्या वहिनीचे भाऊ आहेत. केस मी लावले होते. बाहेर राहून वाळले, चूक माझी आहे. त्यांच्या कातडीत काही दोष नाही.” अगदी स्वच्छ पुस्तकी भाषेत, मध्ये कुठे न अडखळता. मग म्हणाले, “सर, त्या दिवशी मी तिथे उभा राहू शकतो का?”

दवाखाना निवडायचं माझं काम तिथेच संपलं. नागपूरच्या मुलीचे त्यानंतर दोन फोन आले. बायकोने घेतले आणि तिला काय सांगितलं ते मला सांगितलं नाही.

अमरावतीला केस काढताना मी पालथा होतो. तोंड ठेवायला त्या टेबलाला खळगा असतो, त्यातून फक्त फरशी दिसते. डॉक्टरांच्या चपला, सहायक मुलींच्या चपला आणि थोड्या अंतरावर, केसांच्या ताटलीजवळ, निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले आमच्या डॉक्टरांचे पाय. अमरावतीच्या डॉक्टरांनी त्यांना तेवढंच काम दिलं होतं: केस गार औषधात बुडालेले राहतात की नाही, ते पाहायचं. डोकं बधिर होतं. वर बारीक गुणगुण चालू होती. दुपारी मुली आळीपाळीने जेवून आल्या. “तुम्हीही घ्या दोन घास,” अमरावतीचे डॉक्टर म्हणाले. “नाही सर, मी आहे इथे,” हे वर कुठेतरी ऐकू आलं आणि खाली पाय जिथल्या तिथे होते.

केस येतील की नाही, ते कळायला वर्ष जाणार आहे. पण तेव्हा मला एकदम रडू आलं. पालथ्या माणसाचे डोळे गळले की ते सरळ फरशीवर गळतात, लपवता येत नाही. निळे पाय एक पाऊल पुढे आले.

“दुखून राह्यलं काय, दादा?”

“नाई,” मी म्हटलं. “तुमी बसा ना जरासे, डॉक्टर. सकाळपासून उभे आहा.”

“सारे लागू द्या,” ते म्हणाले. “मंग बसतो.”