मिस अर्लीनचा नेचा आणि ओव्हिडची जप्त शिडी

लफायेत शहरात चाळीस वर्षं एसी दुरुस्त केलेल्या ओव्हिड बाबिनोची शिडी त्याच्या मुलीनेच जप्त केली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्याने आठवड्यात तीन माळे चढून दाखवले होते. "डॅडी, आता पाय जमिनीवर," म्हणत मोनिकने शिडी गाडीच्या टपावर बांधली आणि नेली.

आमच्याकडे एसीचं धूड माळ्यावर असतं. त्याचं पाणी एका नळीने भिंतीबाहेर जातं. महिन्याला माळ्यावर चढून त्या नळीत कपभर व्हिनेगर ओतलं नाही, तर शेवाळ धरून ती तुंबते. गल्लीभरचं हे ओतकाम ओव्हिडकडे होतं, आणि त्या निमित्ताने कॉफी, केक आणि घरोघरच्या भानगडी त्याला मिळत. शिडी गेली तशी बोलावणीही थांबली. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, घर खायला उठायचं. कुणाच्या तरी दारात काम असल्याशिवाय त्याला जगणं जमेना. पण कबूल करील तो ओव्हिड कसला!

म्हणून जूनमध्ये शेजारच्या मिस अर्लीनच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर टपटप पाणी गळताना दिसलं, तेव्हा त्याला वाईट वाटायच्या ऐवजी आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खिडकीवर काढतात ती दुसरी नळी. एरवी कोरडी असते. ती गळली की समजायचं, पहिली तुंबली आणि पाणी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये साचून हिच्यातून यायला लागलं. ट्रे गंजका असला तर छत कोसळायला वेळ लागत नाही. घरमालकिणीच्या नजरेस पडावी म्हणूनच ती खिडकीवर असते. मिस अर्लीनच्या नजरेस पडली होती. तिने त्या नळीखाली नेच्याची कुंडी टांगली होती.

"बघा कसा फोफावलाय! फुकटचं पाणी, मिस्टर ओव्हिड. रविवारी चर्चच्या जत्रेतल्या कुंड्यांच्या स्पर्धेत त्या समोरच्या थेल्माचं नाक कापणार मी."

"छत पडेल, मिस अर्लीन."

"पडू दे सोमवारी. रविवारपर्यंत नळीला हात लावलात तर याद राखा!"

बुधवारी ती बिंगो खेळायला गेली आणि ओव्हिड पाणी ओढायचा व्हॅक्यूम घेऊन कुंपणाच्या फटीतून आत शिरला. भिंतीच्या पायथ्याशी पहिल्या नळीचं तोंड होतं. त्याला चिंध्या गुंडाळून व्हॅक्यूम लावला, तशी दोन मिनिटांत हिरव्या शेवाळाची लांबलचक शेपटी बाहेर आली. छत वाचलं, टपटप थांबली. मग त्याच्या लक्षात आलं, नेचा आता सुकणार.

तेव्हापासून रोज दुपारी मिस अर्लीनची मालिका लागली, की दुधाचा रिकामा कॅन पाण्याने भरून म्हातारा खिडकीखाली हजर. शुक्रवारी थेल्माने पकडलंच.

"अहो मिस्टर ओव्हिड, बाईच्या खिडकीत काय शोधताय?"

"एसीचा अभ्यास करतोय."

"या वयात?"

"शिकायला वय कुठलं!"

संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीभर झाली. रविवारी नेच्याला पहिला नंबर मिळाला आणि थेल्माने टाळ्या वाजवल्या, पण अगदी मोजून.

सोमवारी ओव्हिड कबुली द्यायला निघाला. जत्रा संपली, नेच्याला चोरून पाणी घालायचं कारण उरलं नव्हतं, म्हणजे त्याचीही गरज उरणार नव्हती. जिवावर आलं होतं त्याच्या. फाटकाशी पोचतो तर काय, खिडकीवर पुन्हा टपटप! पाच दिवसांत नळी तुंबेल इतकं शेवाळही चलाख नसतं. कण्हत तो भिंतीशी वाकला. नळीच्या तोंडात वाइनच्या बाटलीचं बूच ठोकून बसवलेलं होतं.

वर खिडकीत मिस अर्लीन उभी होती.

"काय बिघाड आहे?"

ओव्हिडने बूच उपसून खिशात टाकलं आणि पायावर सांडणारं पाणी न पाहिल्यासारखं केलं. "गंभीर आहे. दर शनिवारी यावं लागेल."

"या की. पण तो कॅन आणू नका. चार दिवस पडद्याआडून बघतेय, नेचा बुडवायचा बाकी ठेवला होतात."

ओव्हिड कानापर्यंत लाल झाला. "पण शिडी नाही हो माझ्याकडे."

"कॉफी टेबलावर आहे," मिस अर्लीन म्हणाली, "माळ्यावर नाही."