तिच्या विषयाबाहेरचं उत्तर

ठाण्याच्या खाडीवर ती यायची तेव्हा आमच्या कोळीवाड्यातल्या बायका आधी हसायच्या. विद्यापीठात संशोधन करणारी मुलगी, पण ओहोटी लागली की चपला पिशवीत घालून गुडघाभर चिखलात उतरायची. चिखल बरणीत भरायची आणि झाकण लावायच्या आधी त्याचा वास घ्यायची, आपण दूध नासलंय का बघतो ना, तसा.

ही सन ऐंशीनंतरची गोष्ट. चिखलात उड्या मारणारे निवटी मासे तेव्हा कमी होत चालले होते. तरी माझ्या सासूने मनाशी धरून ठेवलेलं, की माझ्या धाकटीला शाळेतून काढायची आणि निवट्या धरायला लावायची.

एकदा सासूने त्या संशोधक मुलीला विचारलंच, "का गो बाय, निवट्या वारतील का परत, पयल्यावानी? नातीला या धंद्यान घालायची हाय."

"ते मला नाही सांगता येणार, आजी. मी चिखलातल्या किड्यांचा अभ्यास करते. माशांचे लोक वेगळे, पाण्याचं रसायन बघणारे वेगळे."

"नि आमचा कोन बगतो?"

"तुमचं समाजशास्त्रवाले. त्यांची इमारतसुद्धा वेगळी."

"मंग सगल्यांना एके होरीन बसवून आन गो."

त्या होडीच्या कल्पनेने तीही हसली. मग बरणी पुसता पुसता थांबली.

"हे माझ्या विषयात नाही, आमच्या सरांना आवडणारही नाही. पण किडेच मरतायत आजी, मग निवट्या काय खाऊन जगणार? नातीला शाळेतच ठेवा."

जूनमध्ये धाकटीला दप्तर आणायला सासूच बाजारात गेली.