नवरीशिवाय धवला

जासई गावच्या जाईबाई या धवलारीण आहेत. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून नवरा-नवरीची नावे घेऊन जे धवले गायले जातात, ते गाण्याचा मान धवलारणीचा असतो. हा मान जाईबाईंनी चाळीस वर्षे सांभाळला आहे. त्यांना अक्षरओळख नाही. परंतु देवांची नावे त्या क्रम न चुकता घेतात. हल्ली लग्नघरी डीजे लागतो, त्यामुळे त्यांना बोलावणे कमी येते.

त्यांचा भाचा तेजस याचा लोकगीतांचा बँड आहे. महाप्याच्या स्टुडिओतील निशांत सरांनी या बँडची पहिली रेकॉर्ड काढण्याचे मान्य केले. मात्र तिच्यात जाईबाईंचा धवला हवाच, अशी अट घातली. म्हणून मार्च महिन्यात जाईबाई, तेजस आणि मी असे तिघे तेथे गेलो.

सरांनी काचेपलीकडून खूण केली. जाईबाई खोलीभर नजर फिरवू लागल्या.

"मावशी, गा ना," तेजस म्हणाला.

"नवरी कुठं हाय?"

"नवरी नाय गो. रेकॉर्डिंग हाय."

"मंग नाव कोनाचं घेऊ? तुज्या गिटारचं?"

निशांत सर आत आले. "आजी, नावं नकोतच. म्हणजे गाणं कुणाच्याही लग्नात वाजेल."

"बिननावाचा धवला देव ऐकत नाय."

तेजस घाईने म्हणाला, "माजं घे. आनि प्रियाचं." प्रिया त्याच्या बँडमध्ये गाते.

"घेतलं म्हंजे लगीन लागलं. तिला इचारलंस?"

तेजसचे कान लाल झाले. जाईबाईंनी हेडफोन काढून ठेवला. धवला नाही तर रेकॉर्ड नाही, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

जाईबाईंनी सरांकडे पाहिले. "तुजं लगीन झालं रं?"

"बारा वर्षं झाली. कोर्टात केलं. घरचं कुणी आलं नाही."

"मंग गायलं कोन?"

"कुणीच नाही."

"नवरीचं नाव?"

"सई."

जाईबाईंनी हेडफोन स्वतःच चढवला आणि धवला पूर्ण गायला. सरांनी काचेपलीकडे धावत जाऊन रेकॉर्डिंग सुरू केले होते, पण ते खुर्चीवर बसले नाहीत. शेवटपर्यंत हात जोडून उभे राहिले.

नंतर तेजसने विचारले, "सर, तुमची दोघांची नावं कापायची ना?"

"कापलीस तर माझं लग्न मोडेल," सर म्हणाले.

रेकॉर्ड आता मोबाइलवर ऐकावयास मिळते. गावातील बायका विचारतात, "ही सई कोनाची गो?"

जाईबाई उत्तर देतात, "माजी नवरी हाय. हलद उशिरा लागली तिला."