कुणाचंच नसलेलं माप

मुंबईच्या एका कारखान्यात मी यंत्रभागांचे नकाशे काढायची. समुद्रातल्या तेलविहिरींच्या तोंडावर, थेट तळाशी बसवायचे व्हॉल्व्ह आम्ही बनवायचो. आमचे साहेब दोन आणि दोघांची मापं वेगळी. एकाचा सुटा भाग दुसऱ्याच्या व्हॉल्व्हला बसत नसे. काही बिघडलं की नवा भाग घडेपर्यंत बोट इंजिन चालू ठेवून विहिरीवर उभी. डिझेल जळतंय, धूर निघतोय. "एकच माप ठेवू या," असं मी म्हटलं की दोघंही लगेच तयार व्हायचे. फक्त माप ज्याला त्याला आपलंच हवं!

एका उन्हाळ्यात रजा काढून गावी, वालूरला गेले. बाबा विहिरीवर घामाघूम झालेले. इंजिन धडधडत होतं, पण पाईपच्या जोडातून पाणी कारंज्यासारखं उडत होतं. जोडाची लोखंडी चकती तडकली होती. शेजारच्या शेतातले काका आपली जादा चकती घेऊन धावत आले, तर तिची भोकं जुळेनात. शेवटी सायकलची ट्यूब गुंडाळून वेळ मारून नेली. अर्धं पाणी बांधातच मुरलं. इंजिन मात्र दिवसभर काळा धूर ओकत राहिलं.

संध्याकाळी चहाला काका आले, तेव्हा मी म्हटलं, "दोघांच्या चकत्या एकाच मापाच्या करून घ्या ना."

"माझ्यावानी करा की मंग," काका म्हणाले.

"तुमच्यावानी कामून? माझी विहीर आधीची हाय," बाबा म्हणाले.

दुसरा चहा झाला तरी वाद मिटेना. आईला हसू आवरेना. "कुणाचंच नको. सेलूच्या वर्कशॉपवाल्याला म्हणावं, तिसरंच माप धर. मंग कुणालाच कमीपणा न्हाई."

काकांनी कपबशी खाली ठेवली.

"वहिनी, हे चालंल बगा," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघं एकाच एसटीनं सेलूला गेले आणि सारख्या चकत्या घेऊन आले.

मुंबईला परतल्यावर मी दोन्ही साहेबांच्या नकाशांतलं थोडं थोडं घेऊन तिसराच नकाशा काढला. तो त्यांच्यापुढे पसरला. दोघांनी चष्मे काढले, पुसले, परत घातले.

"हा कुणाचा?" एकांनी विचारलं.

"कुणाचाच नाही, सर."

"मग हरकत नाही." दोघं जवळजवळ एकदमच बोलले.

पुढच्या विहिरींना त्याच नकाशाचे व्हॉल्व्ह बसले. त्यातल्या एकाचा भाग बिघडला, तेव्हा गोदामातला तयार भाग बोटीनं नेला, पाणबुड्यांनी बसवला आणि बोट लगेच माघारी फिरली. कार्बन वगैरे शब्द तेव्हा आमच्या बोलण्यात नव्हते; डिझेल वाचलं, धूर वाचला, एवढंच म्हणायचो. बातमी कळली तशी मी धावतच कँटीनमध्ये गेले. तिथं एक साहेब सगळ्यांना बटाटेवडे खिलवत होते. "कल्पना मुळात माझीच," असं सांगत होते. पलीकडच्या टेबलावर दुसरे साहेबही वडे वाटत तेच सांगत होते. मी दोन्हीकडे एकेक वडा खाल्ला.