जिथे रेघ नको होती

बीदरच्या प्रयोगशाळेत मी एका प्रथिनावर काम करत होते. पेशी निवांत असते तेव्हा ते आतल्या द्रवात मोकळं फिरतं. उष्णतेचा ताण बसला की पेशीत कॅल्शियम वाढतं आणि त्यामुळे हे प्रथिन जाऊन पेशीच्या पातळ पडद्याला चिकटतं. ताणाची खबर तिथून पुढे जाते. मी पेशी तापवायचे, फोडायचे, पडदे वेगळे काढायचे. पडद्याला प्रथिन चिकटलेलं असलं की फिल्मवर काळी रेघ उमटते; तापवलेल्या पेशींची ती उमटायची, न तापवलेल्यांची जागा कोरी राहायची.

एका सोमवारी कोऱ्या जागीही रेघ आली. पुन्हा केलं, पुन्हा आली.

माझा संशय शेजारच्या टेबलावर गेला. तिथला निर्णा गावचा मुलगा माझ्यानंतर वर्षभराने आलेला, बोलायला गोड. प्रयोगशाळेचे सर माझ्या रेघांचं कौतुक करायचे तेव्हा तो मान खाली घालून लिहीत राही. माझं आडनाव ऐकल्यावर आवाज बदलणारी माणसं मी आमच्या गावापासून, ठाणाकुशनूरपासून पाहत आले होते, त्यामुळे शंका घ्यायला मला फार वेळ लागत नसे. कोणी नळ्यांची अदलाबदल केली तर कळावं म्हणून मी त्यांच्या बुडाशी निळ्या शाईने बारीक ठिपके दिले. तो फ्रिज उघडायचा तेव्हा मी पाठमोरी उभी राहून कान द्यायचे.

ठिपके जागच्या जागी राहिले. रेघ मात्र आलीच.

मग एकदा धुऊन उपडी घातलेली काचेची बाटली हाती आली. आत पांढुरका थर होता, आमच्या घरी पाणी तापवायच्या भांड्याला बसतो तसा. प्रयोगशाळेत पाणी भरणाऱ्या अण्णांना विचारलं.

"शुद्ध पाण्याचं मशीन कवापासून कमी चालायलंय, थोडं बोअरचं मिसळत होतो. आता बंदच पडलंय की अक्का. बोअरचं भरायलोय. साफच हाय."

बोअरच्या पाण्यात कॅल्शियमच कॅल्शियम. माझी द्रावणं त्याच पाण्याची, म्हणून त्यांत पेशी फोडल्यावर ते प्रथिन ताणाशिवायच पडद्याला चिकटत होतं. मी औषधाच्या दुकानातून इंजेक्शनचं शुद्ध पाणी आणलं, सगळी द्रावणं नव्याने केली. कोरी जागा कोरी राहिली. पण तापवलेल्या पेशींची रेघही त्या सोमवारच्या आधीच्या रेघांपेक्षा फिकट आली. म्हणजे ज्या रेघांचं कौतुक झालं, त्यांतही किती ताण आणि किती बोअर, कोण सांगणार? सरांना ते सांगितलं. त्यांनी फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, "पहिल्यापासून करा."

बाहेर आले तर तो मुलगा हात पुसत उभा.

"निळे ठिपके मी कवाच बघितलो होतो, अक्का."

"मग कामून बोलला न्हाईस?"

"तू इचारशील म्हणून थांबलो."

"चुकलं माझं," एवढंच म्हणाले. त्याने मान डोलावली. पण दुसऱ्या दिवसापासून तो आपल्या नळ्या कुलुपाच्या कप्प्यात ठेवू लागला, आणि किल्ली खिशात.