ओट्यावरचं भांडं

चांदीचा प्याला माझ्या शेजारी गुडघे टेकलेल्या मास्तरीणबाईंपर्यंत आला आणि तिथूनच मागे फिरला. मी तोंड पुढे केलेलं. ते तसंच राहिलं.

पाळकसाहेबांनी प्याला फडक्याने पुसून टेबलावर ठेवला आणि जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, भांडं उचललं. चेपलेलं, काठाला काळं पडलेलं. मी ओळखलं ते. मिशनच्या बंगल्यात कामाला मीच होते ना! ओट्यावर पाड्यांवरची माणसं औषधाला यायची, त्यांना पाणी द्यायचं ते भांडं. त्यात आज प्रभूचा द्राक्षारस.

"साथीचे दिवस आहेत," साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "थोडे दिवस समजून घ्या."

मोखाड्याच्या त्या लहानशा देवळात, आम्ही ख्रिस्ती माणसं प्रार्थनाघराला देऊळच म्हणतो, त्या रविवारी खोकत कोण होतं? मास्तरीणबाई. ताप मुंबईहून आलेल्या त्यांच्या भावाबरोबर बाजारात उतरला आणि तिथून आमच्या पाड्यांवर चढला. पण भांडं बदललं ते आम्हा वारल्यांचं. आमची सगळी ओळ त्यातून प्याली. मीही प्याले. कडू लागलं.

आणि तो चांदीचा प्याला दर शनिवारी घासायचं कोण? मीच. राखेने, चिंचेने, आतून बाहेरून, याच बोटांनी. बोटं चालत होती त्यांना. ओठ चालत नव्हते.

आई त्या दिवशी घरी होती. अंग मोडून आलेलं. मी तिला काही सांगितलं नाही. कसं सांगणार? ती येशूकडे आली तीच त्या प्याल्यापायी. जव्हार संस्थानाच्या वेळी ती सावकाराच्या अंगणात वेठीला जायची. पाणी मागितलं की वरून ओंजळीत ओतायचे. संस्थान विलीन झालं, जव्हारला कचेरीवर नवा झेंडा लागला. लोक म्हणाले, गेली वेठ. ओंजळ मात्र तशीच राहिली. अशात या देवळात तिने पाहिलं, मास्तर प्याले, कंपाउंडर प्याला आणि साहेबांनी तोच प्याला तिच्या तोंडाला लावला. रस्ताभर रडत घरी आली. "एकाच काठाला गो पोरी," म्हणायची, "एकाच काठाला!"

साहेब काही वाईट माणूस नव्हते. नगरकडचे. लहानपणी गावच्या विहिरीवर त्यांनाही वरूनच पाणी वाढलेलं. प्रवचनात ते स्वतःच सांगायचे. म्हणून तर जास्त लागलं मला. दुसऱ्या कुणी केलं असतं तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

आईचा ताप चढत गेला. बाप आधीच गेलेला, भावंड नाही. सूर्यमाळच्या उतारावर आमची झोपडी, शेजारपाजार सगळा तापाने आडवा. आईला प्रभुभोजन हवं होतं, दुसरं काही मागितलं नाही तिने. मी मोखाड्याला धावत गेले. साहेब पाड्यावर यायला भ्याले. भाकरीचा तुकडा दिला, बाटलीत रस दिला. मी प्याल्याला हात घातला तशा पाळकीणबाई म्हणाल्या, "तो नको गं. भांडं ने ओट्यावरचं."

नेलं. काय करणार?

आईने भांडं पाहिलं. अंग फणफणत होतं, तरी ओळखलं. कितीदा औषधाला गेली होती ती त्या ओट्यावर. "हे तर बाहेरच्यांचं," एवढंच म्हणाली आणि तोंड मिटलं. मी चुचकारलं, रागावले, रडले. नाही उघडलं. उजाडायच्या आत गेली. पुरायला मी आणि मामा. देवळातून कुणी फिरकलं नाही.

साथ सरली. मास्तरीणबाई बऱ्या झाल्या, बाजार पुन्हा भरू लागला. देवळात प्रभुभोजनाचा रविवार आला. म्हटलं, आता तरी प्याला येईल. गुडघे टेकले.

आलं भांडं!

मी तोंड मिटलं. साहेबांनी काठ ओठांना लावला. रस हनुवटीवरून लुगड्यावर सांडला.

"पी गो," मामा मागून कुजबुजला. "मोठ्या माणसांचा रोष नको."

मी उभी राहिले. "साहेब, हे पाण्याचं भांडं. मला तहान नाय."

कुणीतरी घाईघाईने गीत सुरू केलं. सगळे मोठमोठ्याने गाऊ लागले, माझी माणसंसुद्धा. साहेब भांडं घेऊन पुढच्याकडे सरकले. गीत संपलं तरी एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. वाटेत मामाही मला टाकून पुढे निघून गेला. इतकी एकटी मी आईला पुरलं त्या दिवशीही नव्हते.

लोकांना वाटलं, आता ही देऊळ सोडणार. का म्हणून? देऊळ काय मास्तरीणबाईंच्या बापाचं आहे? बंगल्यातलं काम मात्र सोडलं. ज्यांना प्यायचंय त्यांनी घासावा प्याला.

मी अजून जाते. बरोबर मास्तरीणबाईंच्या शेजारीच गुडघे टेकते. भांडं येतं, मी तोंड मिटते. साहेब पुढे सरकतात. सरकू देत. ज्या दिवशी आमच्या सगळ्या ओळीपुढे तोच प्याला येईल, त्या दिवशी हे तोंड उघडेल. नाही आला, तर आईसारखं मिटलेलंच मातीत जाईल.