दाराशी उभी राहिलेली इर्मा

जर्मनीतल्या वेटर्सहाइन गावच्या चर्चमध्ये इर्मा क्रेच्मरने त्र्याहत्तर वर्षं काढली, पण तिथल्या बाकावर ती एकदाही बसली नाही. पुसली मात्र सगळी. डावीकडची बायकांची, उजवीकडची पुरुषांची. प्रत्येक बाकाला गुडघाभर उंचीचं लाकडी दार आणि दारावर घराण्याचं नाव रंगवलेलं. ज्याचं घर, त्याचं बाक. माणसं मेली, शहरात गेली, देव मानेनाशी झाली, तरी नावं तिथंच होती.

१९४६ साली, युद्ध हरल्यावर, पूर्वेच्या सिलेसियातून हाकललेल्या जर्मन लोकांच्या गाडीतून सहा वर्षांची इर्मा आईचं बोट धरून इथं उतरली. पहिल्याच रविवारी रिकामं बाक दिसलं म्हणून आई बसली. श्टाइनहोफ या शेतवाडीची मालकीण लेकीला घेऊन आली आणि बाकाच्या दारातच थबकली.

"बाई, हे आमच्या घरचं बाक आहे."

"मग आम्ही कुठं बसायचं?"

"ते मला काय विचारता? तुमच्या गावाला नव्हती का बाकं?"

आई उठली. तेव्हापासून पाठपिशवीवाले चर्चच्या दाराशी उभे राहू लागले. पाठीवरच्या पिशवीत संसार घेऊन आलेल्या या लोकांना गाव असंच म्हणायचं. दाराशी घंटेचा दोर होता. घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याचे खांदे गेले, तेव्हा दोर इर्माच्या हाती आला आणि तिथंच राहिला. लग्न झालं नाही, आई गेली, बरोबरचे पाठपिशवीवाले घरं बांधून, सुना आणून गावात मुरले. इर्मा दाराशीच राहिली, एका तिपाईवर.

तिचं दुःख मोठं नव्हतं, पण होतं. उपासनेच्या शेवटी सगळे उठून प्रभूची प्रार्थना म्हणतात, तेव्हा घंटा वाजवायची असते, म्हणजे शेतात असलेल्यांनी, अंथरुणाला खिळलेल्यांनीही सोबत म्हणावी. म्हणजे अख्खं गाव एकत्र प्रार्थना करायचं आणि इर्मा भिंतीकडे तोंड करून दोर ओढायची. तिला एकदा, फक्त एकदाच, बाकात उभं राहून चारचौघांबरोबर ती म्हणायची होती. हे कुणाला सांगायचं? ऐकणारा हसलाच असता.

चुकूनमाकून पाहुणा आला तर ती इतिहास घडाघडा सांगे. मनोरा साडेसातशे वर्षांचा. सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात छप्पर जळालं, तेव्हा गावानं आधी चर्च शाकारलं, मग आपली घरं. तीन घंटांपैकी दोन सरकारनं लढाईत तोफा ओतायला उतरवून नेल्या. "तुम्ही इथल्याच का?" पाहुणा विचारी. "नाही," इर्मा म्हणे.

मग चर्चच्या वरिष्ठांचं पत्र आलं. उपासनेला सहाच माणसं येतात, मनोऱ्याला तडे गेलेत, तेव्हा चर्च बंद. शेवटची उपासना नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी.

त्या रविवारी मात्र लोक लोटले. वर्षानुवर्षं न फिरकलेले निरोपाला कसे धावून येतात, हे एक कोडंच आहे! मोटारी थेट तलावापर्यंत लागल्या. दारावरची नावं वाचायची तसदी न घेता मंडळी दिसेल तिथं बसली. इर्माची तिपाईसुद्धा कुठल्याशा आजोबांना गेली.

फक्त श्टाइनहोफच्या बाकात जागा उरली होती. तिथं एकटी एल्फ्रीडे बसली होती, त्याच मालकिणीची लेक, आता एक्क्याऐंशीची. शेजारी हँडबॅग, बाकाच्या दारावर काठी आडवी.

"इथं घरची माणसं बसतात," ती प्रत्येकाला सांगत होती. घरचं कुणी उरलं नव्हतं. मुलगा कॅनडात, सून बोलत नाही.

ऑर्गन सुरू झाला. एल्फ्रीडेनं मागे वळून पाहिलं. इर्मा दोराजवळ भिंतीला टेकून उभी होती.

"इर्मा! ए इर्मा! तिथं काय खांबासारखी उभी आहेस? ये इकडं."

"मी? तिथं?"

"मग काय बिशपला बोलावतेय? कुणासाठी राखत बसलेय मी हे, देव जाणे. ये लवकर, माना वळायला लागल्यात."

एल्फ्रीडेनं काठी काढली, हँडबॅग मांडीवर घेतली. इर्मा आत आली आणि अगदी कडेला बसली. लाकूड थंडगार होतं. प्रवचनात पाळकबाई काय बोलल्या ते तिला विचारू नका. तिला रडू येत होतं आणि रडायची लाज वाटत होती.

पाळकबाईंनी प्रार्थनेसाठी हात जोडले. सगळे उठले आणि थांबले. घंटा नाही. पाळकबाईंची नजर दाराकडे गेली. इर्माचा हात बाकाच्या दाराकडे गेलाच होता, जन्माची सवय! एल्फ्रीडेनं तिची बाही धरली.

"थांब तू. मी ओढते."

"तुला जमायचं नाही गं, ती जड आहे."

"गाई पिळण्यात जन्म गेलाय माझा, दोराला भिऊ का?"

आणि सगळ्यांदेखत काठी टेकत ती मागे गेली. घंटा बराच वेळ गप्प राहिली, मग एक टोला कसाबसा पडला, मग घाईघाईनं दोन. ढील दे गं, ढील, इर्मा मनात म्हणाली. बाहेर गावाला वाटलं असेल, क्रेच्मरबाईंना वेड लागलं.

"हे आमच्या स्वर्गातील पित्या..."

इर्मानं तोंड उघडलं. शब्द पाठ होते, पण ते दोराच्या चालीवर. एका ओढीला एक ओळ. लोक भरभर पुढं गेले, ती मागे पडत गेली. सगळ्यांचं आमेन झालं तेव्हा तिच्या दोन ओळी उरल्या होत्या. चौघी बसतील एवढ्या त्या बाकात ती एकटीच उभी होती. तिनं त्या दोन ओळी सावकाश, मोठ्यानं म्हटल्या, आणि सगळं चर्च तिचं म्हणून व्हायची वाट पाहत उभं राहिलं.